गाडीचा ताप बघणारे नाना

साळवीनाना आणि इंदूकाकी, या दोघांनी मला वाचवलं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण मला घाई झाली की मी मधलंच सांगत सुटतो आणि ज्यांचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. महाडच्या एस.टी. डेपोमागच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं. नाना डेपोच्या वर्कशॉपात पेंटर होते, आता रिटायर झालेत. काकी त्यांची बायको. मी त्यांचा कुणी नाही. तेव्हा त्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होतो, एवढंच.

नानांना तुम्ही पहिल्यांदा पाहाल तेव्हा ते बहुतेक गाडीच्या बॉनेटवर उलटा हात ठेवून उभे असतील. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तसा. डोळे मिटलेले. मग मान हलवून म्हणतील, "हाय अजून. अंगात हाय थोडा." म्हणजे पत्र्यात ऊन शिल्लक आहे. अंगात ताप असलेल्या गाडीला कापड लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. मग स्टुलावर बसायचं, बिडी ओढायची, आणि दहा मिनिटांनी परत ताप बघायचा. कुणी मधे बोललं तर उत्तर ठरलेलं, "घाई कसली रे? कशेडीचा घाट चढायचाय?"

त्यांची स्वतःची गाडी लाल, छोटी आणि जुनी आहे, नाव लाली. एस.टी.ची टाकाऊ ताडपत्री बांधून केलेल्या मांडवात ती उभी असते. अंगणात झकास आंब्याचं झाड आहे, पण त्याखाली गाडी लावत नाहीत. "आंबा चीक गाळतो." ही गाडी वर्षातून एकदोनदाच रस्त्यावर येते. सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की सगळं महाड आपापल्या गाड्या उंचावर, हायवेच्या कडेला नेऊन लावतं. तेव्हा नानाही नेतात, आणि पाणी उतरलं की परत आणतात. बाकी वर्षभर ती कुठेच जात नाही. तरी रोज सकाळी तिचं अंग पुसून निघतं आणि महिन्यातून एकदा मेण लागतं.

"मग रोज पॉलिशच का नाही मारत?" असं मी एकदा विचारलं होतं. नानांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "पॉलिश म्हणजे सोलणं हाय. कांदा रोज सोललास तर खाशील काय?"

पुसायची फडकी म्हणजे जुन्या बनियनचे तुकडे. ती वेगळ्या बादलीत धुवायची, वेगळ्या दोरीवर वाळवायची. त्यातलं एखादं हातातून जमिनीवर पडलं की नाना शांतपणे म्हणतात, "मेला." मग ते फडकं कितीही झटका, कितीही धुवा, गाडीला पुन्हा लागत नाही. ते सायकलच्या चेनला जातं नाहीतर मोरीच्या भोकाला. मातीचा एक कण त्याला चिकटला असेल, आणि तो एक कण पुरे. नानांचा उजवा हात रिकामा असला की थरथरतो, त्यामुळे फडकी बरीच मरतात. गंमत अशी, की तोच हात पत्र्यावर टेकला की थरथर थांबते.

आता माझं सांगतो. मी जत तालुक्यातला, कर्नाटकाच्या अंगाचा. नाव श्रीशैल. महाडात हे नाव कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून मी शैल्या. शाळा सातवीत सुटली. इंग्रजीचा तास आणि बोअरची लाईट एकाच वेळी यायची, वडिलांनी बोअर निवडला. पुढे ट्रॅक्टर, मग टेम्पो, मग एकाच्या ओळखीने इथे महाडला एका डॉक्टरमॅडमकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. भीती माझ्या स्वभावातच आहे. सगळे कागद जवळ असून पोलीस दिसला की घाम फुटतो. मॅडमनी नुसतं "श्रीशैल" अशी हाक मारली तरी आधी मनात येतं, गेली नोकरी.

मॅडम वाईट नाहीत, कडक आहेत. गुरुवारी पोलादपूरच्या दवाखान्यात जातात, महिन्यातून एकदा शिवथरच्या बाजूला तपासणीला. गाडी नवीकोरी, काळी. आमच्याकडे काठोकाठ भरलेली विहीर क्वचित बघायला मिळते. वाकून बघितलं की आपण दिसतो. ही गाडी तशी होती. पहिल्या दिवशी ती घेऊन गल्लीत आलो तेव्हा नानांनी लांबूनच पाहिली आणि म्हणाले, "काळी? जपून रे. काळा रंग चुगली करतो."

त्या नवरात्रात मॅडम लेकीकडे बंगळूरला गेल्या. जाताना मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दिवाळीनंतर बायको-पोरीला घेऊन ये, दवाखान्यामागची खोली तुला देते, पोरीला इथल्या शाळेत घाल. दुसरी, गाडी झाकून ठेव, हात लावू नकोस, दसऱ्याला सकाळी मी येते आणि माझ्या हाताने पूजा करते. माझी पोरगी तेव्हा सहा वर्षांची. वर्षातून दोनदा मला बघायची आणि दोन्ही वेळा आधी आईच्या मागे लपायची. त्यामुळे पहिली गोष्ट ऐकून मला इतका आनंद झाला की दुसरी नीट डोक्यात शिरलीच नाही.

पाचव्या माळेला वाटलं, बाई एवढं करतात, आपण काहीतरी करावं. गाडीला शिवथरचा लाल चिखल वाळून बसला होता. आमच्या गावी खंडेनवमीला ट्रॅक्टर गोणपाटाने आणि कपड्याच्या पावडरीने घासतात, इतका की वाटावं शोरूममधून आला. इथे गोणपाट मिळालं नाही, म्हणून नारळाचा काथ्या घेतला. हातात धरला तर मऊ वाटला. मॅडमच्या शेडमध्ये सावलीत दीड तास घासला, गोल गोल, मनापासून. पाणी मारलं. गाडी अशी चमकली की मी स्वतःशी हसलो.

मग वाळवायला उन्हात काढली.

बॉनेटवर कोळ्याने जाळं विणलं होतं. एकात एक गोल, हजारो, आणि सगळ्यांच्या मधोमध सूर्य. छपरावर तेच, दारांवर तेच. विहिरीत मी दिसत होतो, पण चाळणीतून बघावा तसा. मी आधी ओल्या कापडाने पुसलं, मग कोरड्या, मग शर्टाने. जाळं तसंच. मी चाकाला टेकून खाली बसलो. माझ्या आधीचा ड्रायव्हर दाराला एक चरा पडला म्हणून गेला होता. इथे चरे मोजायचे म्हटले तर दसरा उलटला असता. डोळ्यांपुढे खोली आली, खोलीचं कुलूप आलं, आणि आईच्या मागे लपलेली पोरगी.

गाडी घेऊन नानांच्या अंगणात कसा पोचलो, आठवत नाही. नाना मांडवातून बाहेर आले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग वाकून विचारलं, "कशानं?"

"काथ्यानं."

"काथ्यानं." त्यांनी तो शब्द असा उच्चारला की जणू मी कोयता म्हणालो. "भांडी घासत होतास की गाडी?"

"नाना, मॅडम दसऱ्याला येणार. माझी नोकरी जाईल."

"जाईल की," नाना म्हणाले. मला रडू यायला लागलं तसे ते गडबडले. "ए, रडू नको, डोळ्यातलं पाणी खारट असतं, पत्र्यावर पडंल. मीबी केलंय हे पाप. एका वर्षी लाली हलवायची राहिली, पूर उतरला तेव्हा तिच्यावरचा गाळ सुक्या फडक्यानं पुसला. सगळी गाडी खरवडली. हिनं सांगितलं तेव्हा कळलं."

'हिनं' म्हणजे इंदूकाकींनी. त्या ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या, आकाशाकडे तोंड करून. साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर गेलेली आहे. ती लाल गाडीसुद्धा नानांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने-आण करायला घेतली होती, हे मला नंतर कळलं. चार फेऱ्या झाल्या, मग डॉक्टरांनीच सांगितलं, आता येऊ नका.

"ये गो, बघ जरा," नानांनी हाक मारली. काकी भिंतीला धरून आल्या, हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बोटं बॉनेटवरून फिरवली. पिशवीतून बोटाला दुप्पट कळतं म्हणे.

"बारीक हाय," काकी म्हणाल्या. "खोल गेलेलं नाय. पेंटर, निघंल."

नवऱ्याला त्या पेंटर म्हणतात. डेपोत इन्स्पेक्टर गाडी पास करायचा, तसं आता घरात काकी पास करतात. त्यांनी बोट ठेवून "खरखर हाय" म्हटलं की ती जागा परत करायची, त्यावर अपील नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. आधी माझे दागिने उतरवले. हातातलं कडं, बोटातली अंगठी, शेवटी बेल्ट. "बक्कल घासतं." मग शर्ट उलटा घालायला लावला, बटणं आत. पँट एका हाताने धरून काम होईना, तेव्हा नानांनी ती सुतळीने बांधून दिली. समोरून बघणाऱ्याला वाटलं असतं, याला लॉकअपमध्ये घातलाय. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

दोन बादल्या मांडल्या. एक साबणाची, एक पापाची. गाडीवरून आलेलं फडकं आधी पापाच्या बादलीत बुचकळायचं, माती तिथे सोडायची, मगच साबणाला लावायचं. चुकून उलटं केलं तर नाना दोन्ही बादल्या ओतून देत आणि मला परत विहिरीवर पाठवत. पहिल्या दिवशी तीनदा गेलो.

मग कडांना कागदी टेप लावली. पत्रा जिथे वळतो तिथे रंग पातळ असतो, तिथे घासलं की खालचं हाड दिसतं. मग वीतभर जागा घ्यायची, बोटाला लागेल एवढंच पॉलिश, आणि सरळ रेघेत चोळायचं, हलक्या हाताने. गोल नाही. "गोल फिरवून तू जाळं विणलंस, आता सरळ जाऊन उसव." पुसायचं, वाकून बघायचं, काकींना बोलवायचं. पास झालं की पुढची वीत. मशीन आणू या, असं मी भीत भीत सुचवलं. नाना म्हणाले, "आण. दहा मिन्टात चमकवंल आणि अकराव्या मिन्टाला भोक पाडंल."

दुपारी ऊन मांडवात शिरलं की काम बंद. गाडीचा ताप बघत बसायचं. मला एकेक मिनिट जड जाई. सातवी माळ झाली, आठवी झाली. मॅडमचा फोन आला की मी अंगणाच्या टोकाला जाऊन, सुतळी आवळून, "होय मॅडम, झाकून ठेवलीय मॅडम" म्हणत असे. काकी मागून हसत. "ताप गाडीला नाय रे शैल्या, तुला हाय."

नवव्या दिवशी सगळी गाडी झाली होती, बॉनेटचा पुढचा भाग सोडून. विहीर परत भरली होती. नाना बिडी आणायला नाक्यावर गेले. मी एकटा राहिलो, आणि मला वाटलं, या एका जागी अजून एक अंधुक गोल दिसतोय. टेप सुटली होती ते मी पाहिलं नाही. उद्या मॅडम येणार, एवढंच डोक्यात. पॉलिश घेतलं आणि घासलं. गोल गेला नाही, म्हणून जोरात घासलं. बॉनेटच्या कडेला, रुपयाएवढ्या जागेत, काळ्या रंगाची चमक गेली आणि खालून राखेसारखं काहीतरी डोकावायला लागलं.

नाना आले तेव्हा मी ती जागा पाठीने झाकून उभा होतो. मोठा माणूस, सुतळीने बांधलेली पँट, आणि दोन्ही हात मागे. पण पास करायला काकी आल्या. त्यांची बोटं बॉनेटवरून सरकत सरकत माझ्यापर्यंत आली, मला बाजूला ढकलून पुढे गेली आणि थांबली.

"हितं पत्रा ऊन हाय," त्या म्हणाल्या. "हितं कुणीतरी भिऊन घासलंय."

नानांनी पाहिलं. वाकून सुटलेली टेप उचलली. "कड जाळलीस रे."

"आता?"

"आता काय. गेलेला रंग घासून परत येतो व्हय?"

मी म्हणालो, उद्या दसरा आहे, झेंडूचा हार असाच बांधीन की बरोबर ही जागा झाकली जाईल. पूजा होऊ दे, पुढचं पुढे. काकी म्हणाल्या, "बांध की. हार सुकंल परवा. मग काय बांधशील, तोरण?"

त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नको.

दसऱ्याला सकाळी मॅडम बसने उतरल्या. गाडी मी दवाखान्यापुढे लावली होती, हार घालून. एक जास्तीचा पदर बरोबर त्या जागेवर. मॅडमनी हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली, नारळ फोडला. म्हणाल्या, "गाडी छान ठेवलीस." बस, तेवढं वाक्य घेऊन मला पळून जाता आलं असतं. पण माझ्याच हाताने हार बाजूला सरकवला. मी सरकवला म्हणत नाही, हाताने सरकवला. मग काथ्यापासून सगळं सांगून टाकलं. झाकून ठेवलीय असं फोनवर खोटं बोललो तेही. बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

मॅडम वाकल्या. चष्मा वर केला. त्या जागेवरून बोट फिरवलं, मग बाजूच्या पत्र्यावरून, मग परत. पेशंटचे टाके बघतात तसं.

"बाकीचं कोणी केलं?"

"साळवीनानांनी. डेपोमागचे."

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "हा व्रण राहणार."

"होय मॅडम."

"पुन्हा सांगितलेलं ऐक. आणि फोनवर खोटं बोलू नकोस." मग दवाखान्यात जाता जाता मागे न बघता म्हणाल्या, "त्या खोलीला चुना मारून घे दिवाळीच्या आत. ओल आहे भिंतीला. लहान मूल येणार."

मी तसाच धावत गल्लीत गेलो, पण घराला कुलूप. दसरा हा त्या दोघांचाही मोठा दिवस. पांढरे कपडे करून, काकींचा हात धरून नाना चवदार तळ्यावर गेले होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो. त्यांची फडकी धुऊन, घडी करून नेली होती. फाटकापाशी आलो आणि थबकलो.

नाना लाल गाडीजवळ उकिडवे बसले होते. एका हातात वाटी. त्यांनी करंगळी वाटीत बुडवली, मागच्या दाराच्या खालच्या अंगाला पांढरा ठिपका लावला, तिळाएवढा. फुंकर मारून वाळवला. लांब होऊन बघितला, जास्त वाटला तसा नखाने थोडा काढला. मग वाटी स्टुलाखाली लपवली आणि मोठ्याने हाक मारली, "ये गो. पास कर."

काकी आल्या. बोटं छपरावरून निघाली, काचेवरून उतरली, पुढच्या दारावर आली. ती जागा आली आणि बोटं तिच्यावरून पुढे गेली. डिकीला वळसा घातला. पलीकडच्या बाजूने सगळी गाडी झाली. मग परत मागच्या दारापाशी येऊन थांबली.

"पेंटर. हितं खरखर हाय."

"कुठं?" नाना घाईने पुढे झाले. "अरे खरंच की. माझ्या डोळ्याला कसं दिसलं नाय?"

"डोळ्यांचं मला नको सांगू. फडकं आण."

नाना फडकं आणायला आत गेले. त्यांच्या चालीत एवढी ऐट मी कधी पाहिली नव्हती. काकींनी तोंड फाटकाकडे वळवलं.

"शैल्या, ये आत. चप्पल वाजली तुझी."

मी जवळ गेलो. नानांनी काय केलं ते सांगावं की नाही, कळेना. काकीच हळू आवाजात बोलल्या, "पीठ हाय. काल घावन केले, त्यातलं. बोट लावायच्या आधीच वास येतो मला."

"मग लगेच का नाही सांगत?"

"लगेच सांगितलं तर हिरमुसतो. त्याला वाटतं सोपं लावलं. म्हणून जरा फिरून येते." त्यांनी ते बोट पदराला पुसलं. "डोळे गेले तेव्हा मी खाटेवरनं उठत नव्हते. तेव्हापास्नं लावतोय. तू बोलू नको हां त्याला."

नाना फडकं घेऊन आले. येताना ते हातातून पडलं. "मेला," म्हणाले आणि दुसरं आणायला परत गेले.

दिवाळीनंतर बायको आणि पोरगी आली. पोरगी आता मागे लपत नाही. दवाखान्यामागच्या खोलीतून शाळेत जाते आणि शाळेतून थेट काकींकडे, तांदूळ निवडायला. मॅडमच्या बॉनेटवरची रुपयाएवढी जागा तशीच आहे, रोज सकाळी मी तिला आधी बघतो. नानांची थरथर मात्र वाढलीय. परवा पीठ तिळाएवढं न लागता चांगलं बोटभर फासलं गेलं होतं. काकी तरी अख्ख्या गाडीला वळसा घालूनच तिथे आल्या.

नानांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्याकडून आज फिटणार नाही. पण एक दिवस त्यांना ती वाटी धरवणार नाही. त्या दिवसापासून पीठ मी लावीन. रोज वेगळ्या जागी, पत्र्याचा ताप उतरल्यावर, तिळाएवढंच. आणि येताना चप्पल फाटकाबाहेर काढून येईन.